नोंद कच्ची राहते तेव्हा

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचे नाव ज्यांनी ऐकले असेल त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा चाकांची खुर्ची येते, किंवा काठी टेकीत, एक पाय ओढीत चालणारी एखादी तरुण व्यक्ती येते. आणि हे चित्र खोटे नसले तरी त्याच्या आड या रोगाचे एक अंग इतके झाकले गेले आहे की, ज्यांना तो जडला आहे त्यांनासुद्धा पुष्कळदा ठाऊक नसते की शेगडीवर ठेवलेले दूध विसरणे, काल ठरलेली गोष्ट आज नव्याने विचारणे, किंवा चार माणसे एकदम बोलू लागली म्हणजे बोलण्याचा धागाच हातून सुटणे, हे सारे त्याच रोगाच्या खाती मांडावयाचे आहे. वयाच्या विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान, म्हणजे संसार आणि नोकरी या दोहोंचा भार ऐन भरात असताना, हा रोग बहुतेकांना गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक गाठतो. त्या वयातली बाई विसरू लागली तर तिला कोणी आजारी म्हणत नाही, "लक्ष कुठे असतं तुझं?" एवढेच म्हणतात.

वास्तविक ज्याला या रोगाचे पहिले पद्धतशीर वर्णन करण्याचे श्रेय दिले जाते, त्या झाँ-मार्तँ शार्कोच्या नजरेतून ही गोष्ट सुटलेली नव्हती. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८६८ साली त्याने या रोगाला इतर कंपविकारांपासून निराळे काढले, आणि बुबुळांचे आपोआप होणारे हेलकावे, एखादी वस्तू घेण्यास हात पुढे करताच त्याला सुटणारा कंप आणि अक्षर-अक्षर तोडून निघणारी वाणी, ही तीन लक्षणे त्याची ओळख म्हणून सांगितली. ही त्रयी पुढे शार्कोच्याच नावाने प्रसिद्ध झाली आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती मुखोद्गत केली. परंतु त्याच व्याख्यानमालेत त्याने असेही सांगून ठेवले होते की या रोग्यांची स्मरणशक्ती स्पष्टपणे क्षीण होते आणि त्यांच्या मनात विचार सावकाश आकार घेतात. हे वाक्य मात्र कोणी पाठ केले नाही. त्यातला 'सावकाश' हा शब्द किती अचूक होता हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

मधल्या काळात जे घडले त्याला निव्वळ दुर्लक्ष म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तपास झालाच नाही असे नाही. तो चुकीच्या साधनांनी झाला. लंडनमध्ये १९२६ साली कॉट्रेल आणि किनिअर विल्सन या दोघांनी शंभर रोग्यांना ठरावीक प्रश्न विचारून त्यांच्या मनःस्थितीची पाहणी केली आणि असा निष्कर्ष काढला की या रोगात पालटते ती भाववृत्ती, विशेषतः एक प्रकारचा अवाजवी उल्हास दिसतो, बुद्धीला मात्र फारसा धक्का लागत नाही. विल्सन हा त्या काळचा मोठा अधिकारी पुरुष होता, आणि मोठ्या माणसाचा निकाल एकदा लागला की तो फिरविण्यास अपीलही मोठेच लागते. शिवाय नुसत्या गप्पांत या रोग्यांचा दोष खरोखरच दिसत नाही. भाषा शाबूत असते, शिष्टाचार शाबूत असतो, जुन्या आठवणी जशाच्या तशा असतात, आणि समोर शांतपणे बसून एक-एक प्रश्न विचारणारा वैद्य असला म्हणजे उत्तरेही बिनचूक येतात. पुढे अमेरिकेतील जॉन कर्ट्झके याने १९५५ साली या रोगातील अपंगत्व मोजण्याची शून्य ते दहा अशी श्रेणी तयार केली आणि १९८३ साली ती विस्तारली. आजही जगभर औषधांच्या परीक्षणांत हीच मोजपट्टी चालते. तिच्या वरच्या निम्म्या भागात माणूस किती मीटर चालतो आणि त्याला काठी लागते की नाही यांवरच मुख्यतः निकाल ठरतो. ज्या पट्टीने पाय मोजले जातात त्या पट्टीवर विस्मरण उमटत नाही, आणि जे उमटत नाही ते नाहीच असे समजण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही होतो.

तो निकाल फिरविणारे अपील १९९१ साली दाखल झाले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात स्टीफन राओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर रोगी निवडले, पण ते रुग्णालयाच्या खाटांवरून उचलले नाहीत. तेथे अर्थातच अधिक खंगलेली माणसे भेटली असती. आपापल्या घरी राहून जमेल तसा व्यवहार करणाऱ्या रोग्यांना त्यांनी बोलावले, आणि वय, शिक्षण व लिंग यांचा मेळ घालून तितकीच निरोगी माणसे तुलनेसाठी घेतली. तासन्‌तास चाललेल्या चाचण्यांअंती रोग्यांपैकी ४८ जण निश्चितपणे मागे पडले, निरोग्यांपैकी फक्त ५. म्हणजे ढोबळ हिशेबाने ४३ टक्के रोग्यांचा बौद्धिक दोष रोगाच्या माथी मारावा लागला. पुढच्या अनेक पाहण्यांत हे प्रमाण ४० ते ६५ टक्क्यांच्या आसपास फिरत राहिले आहे. परंतु माझ्या मते राओंच्या कामातील खरा स्फोटक भाग हा आकडा नव्हेच. त्यांनी त्या ४८ जणांची उरलेल्या ५२ जणांशी तुलना केली तेव्हा आढळले की दोन्ही गटांचे शारीरिक अपंगत्व सारखेच होते आणि रोगाची वर्षेही सारखीच होती. तरीही पहिल्या गटातील लोक नोकरीवर टिकलेले कमी होते, लोकांत मिसळणारे कमी होते आणि घरची साधी कामे उरकताना अधिक अडखळत होते. पाय तेवढेच चालत असताना संसार थांबतो तो कशाने, याचे उत्तर येथे प्रथमच कागदावर आले.

या रोगाची शारीरिक यंत्रणा थोडक्यात सांगून पुढे जाऊ. मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टितंतू यांतील मज्जातंतूंभोवती मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते आणि त्यामुळे तंतूंतून जाणारा विद्युत्‌संदेश वेगाने व बिनबोभाट पुढे सरकतो. शरीराच्या संरक्षणाची जबाबदारी ज्या पेशींकडे असते त्याच या रोगात हे वेष्टन परके समजून त्यावर तुटून पडतात. जागोजागी ते सोलले जाते, तेथे व्रण उठतात, काही भरून येतात, काही कठीण होऊन राहतात, आणि दीर्घकाळ उघडे पडलेले तंतू अखेरीस मरतात. संदेश अगदीच थांबतो असे नाही. बहुधा तो मंदावतो, अडखळतो किंवा वळसा घेऊन जातो. व्रण दृष्टितंतूवर पडला तर एका डोळ्याने अंधुक दिसते, मज्जारज्जूत पडला तर पाय जड होतो किंवा लघवीचा ताबा सुटतो. पण मेंदूच्या अंतर्भागात, जेथे एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे लांबच लांब तंतू पसरलेले आहेत, तेथे पडलेल्या व्रणांची अशी एखादी ठळक तक्रार नसते. त्यांच्यामुळे एवढेच होते की ज्या कामाला मेंदूच्या चार भागांनी एकदम हजर राहावे लागते, ते काम रेंगाळू लागते.

आता प्रश्न असा की विस्मरण म्हणजे नेमके काय होते? एखाद्या मामलेदार कचेरीत कागद सापडत नसला तर त्याची कारणे तीन असू शकतात: कागद आवक-बारनिशीत नोंदलाच गेला नाही, नोंदला गेला पण दप्तरात उंदीर-वाळवीने खाल्ला, किंवा दप्तरात सुरक्षित आहे पण कारकुनाला वेळेवर काढता येत नाही. बाहेर ताटकळणाऱ्या पक्षकाराला तिन्ही सारखेच. कचेरी सुधारावयाची असेल तर मात्र यांतील भेद हाच सगळा प्रश्न आहे. अल्झायमरच्या रोगात मुख्यतः दुसरा प्रकार होतो, ग्रहण केलेली गोष्ट काही मिनिटांतच निसटते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत तज्ज्ञांचे मत दीर्घकाळ असे होते की दोष तिसऱ्या प्रकारचा असावा, माहिती आत आहे पण हाताला लागत नाही. न्यू जर्सीतील जॉन डेल्युका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या सुमारास या समजुतीची कसोटी मोठ्या चातुर्याने घेतली. रोगी आणि निरोगी दोघांनाही त्यांनी शब्दांची एकच यादी ऐकवली. पण सर्वांना ठरावीक वेळा न ऐकवता, ज्याला ती पूर्ण म्हणता येईपर्यंत जितक्या वेळा ऐकावी लागेल तितक्या वेळा ऐकवली. रोग्यांना पुनरावृत्ती अधिक लागल्या. परंतु एकदा यादी पक्की झाल्यावर, काही काळाने दोघांनाही ती आठवावयास सांगितली तेव्हा रोगी निरोग्यांच्या मागे नव्हते. म्हणजे दप्तर शाबूत होते आणि काढून देणारा कारकूनही शाबूत होता. पहिलीच नोंद कच्ची राहत होती.

या एका प्रयोगाने रोग्याच्या तक्रारीचा अर्थच पालटतो. "मला सांगितलेले आठवत नाही" असे तो म्हणतो तेव्हा सांगितलेले त्याच्या मनातून गेलेले नसते; ते पुरतेपणी आत आलेलेच नसते. आणि ते आत का येत नाही याचा शोध घेत गेल्यावर पुन्हा शार्कोच्या 'सावकाश' या शब्दापाशी यावे लागते. या क्षेत्रात एक चाचणी फार वापरली गेली आहे: ध्वनिफितीवरून ठरावीक अंतराने, समजा दर तीन सेकंदांनी, एक-एक आकडा ऐकू येतो आणि परीक्षार्थीने प्रत्येक नवा आकडा त्याच्या आधीच्या आकड्यात मिळवून बेरीज सांगावयाची असते, आपण स्वतः सांगितलेल्या बेरजेत नव्हे, ऐकलेल्या आकड्यात. वाचकांनी घरी कोणाकडून आकडे म्हणवून घेऊन हा खेळ करून पाहावा, म्हणजे निरोगी माणसालाही घाम कसा फुटतो ते कळेल. रोगी येथे लवकर कोलमडतात. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन आकड्यांमधील अंतर प्रत्येकाच्या वेगाप्रमाणे वाढवून दिले, तेव्हा तेच रोगी निरोग्यांइतकी अचूक उत्तरे देऊ लागले. त्यांची बेरीज चुकत नव्हती. घड्याळ त्यांच्या पुढे पळत होते.

आता हे प्रयोगशाळेतील सत्य घरात कसे दिसते ते पाहिले पाहिजे, कारण तेथे ते फार वेषांतर करून येते. फोनवर कोणी सांगत असते, "शुक्रवारी नको, शनिवारी या, आणि येताना आधारकार्डाची झेरॉक्स आणा, पण मूळ कार्डही बरोबर असू द्या"; या वाक्याचा पहिला तुकडा मनात बसत असतानाच तिसरा येऊन आदळतो आणि दुसरा हवेत विरतो. स्वयंपाक करता करता मुलाचा पाढा ऐकणे, ही गोष्ट जी बाई वर्षानुवर्षे करीत आली तिला आता दोहोंपैकी एकच जमते, आणि दुसरी करू पाहिली तर फोडणी तरी करपते किंवा सातच्या पाढ्यातली चूक तरी सुटते. वाचताना पान संपते आणि पानावर काय होते ते सांगता येत नाही. शब्द ओठांवर असतो, त्याचे पहिले अक्षरही जाणवते, पण तो बाहेर येत नाही आणि मग 'ते हे' म्हणून वेळ मारून न्यावी लागते. पुढे करावयाच्या गोष्टींची आठवण, म्हणजे संध्याकाळी सहाला गोळी घ्यावयाची आहे किंवा परतताना वीजबिल भरावयाचे आहे, ही तर विशेष दगा देते; कारण तिला बाहेरून हाक मारणारे कोणी नसते, ती मनाने स्वतःहून उठावी लागते. याउलट लहानपणचे घर, शाळेतल्या बाईंचे नाव, नात्यागोत्यांचा सगळा विस्तार, शिकलेली विद्या, भाषा, सुरांची जाण, यांना बहुधा धक्का लागत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला मानापमान जिला तपशीलवार सांगता येतो तिला सकाळचे बोलणे कसे आठवत नाही, असा संशय घरातल्यांना येतो तो यामुळेच. आणि 'सोयीचे तेवढे बरे आठवते' हा शेरा मराठी घरात फार लवकर मारला जातो.

अर्थात सगळा दोष वेगाचाच आहे असे म्हणणे अतिव्याप्ती ठरेल. व्रण केवळ मेंदूच्या अंतर्भागातील पांढऱ्या तंतुजालातच पडतात ही जुनी समजूत आता टिकलेली नाही. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी २००७ साली मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत असे दाखविले की नव्या आठवणींची घडण जेथे होते त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातही मायलिनचा मोठा ऱ्हास झालेला असतो. मेंदूच्या करड्या बाह्यस्तरातही असे व्रण असतात आणि ते नेहमीच्या एमआरआयवर सहजी दिसत नाहीत. त्यामुळे 'स्कॅनमध्ये विशेष काही वाढलेले नाही' आणि 'मला विसरायला होते' ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. त्याहून विस्मयकारक गोष्ट अशी की ज्यांच्या मेंदूची हानी जवळजवळ सारखी आहे अशा दोन रोग्यांपैकी एक निर्वेध व्यवहार करतो आणि दुसरा ठेचकाळतो. जेम्स सुमोव्स्की आणि इतरांनी या फरकाचा माग काढला तेव्हा शिक्षण, शब्दसंग्रह आणि रोगापूर्वीच्या आयुष्यातील वाचन-लेखनासारखे छंद यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला. बुद्धीची काही शिल्लक आधीच गाठी असली तर रोगाची उचल काही काळ त्यातून भागते, असे दिसते. मात्र शिल्लक संपल्यावर घसरण एकाएकी जाणवते, आणि विद्वान माणसाची तक्रार वैद्याला आरंभी अतिशयोक्त वाटते, कारण त्याची घटलेली बुद्धीसुद्धा सरासरीच्या वरच असते.

या विस्मरणाला साथ देणारे काही सहआरोपी असतात आणि त्यांचा तपास मूळ आरोपीच्या आधी झाला पाहिजे, कारण त्यांच्यावर इलाज आहे. पहिला थकवा. हा थकवा श्रमाने येणारा नव्हे; सकाळी झोपून उठल्यावरही तो अंगावर असतो आणि दुपारपर्यंत डोके असे जड होते की नाव लिहितानाही विचार करावा लागतो. दुसरे औदासीन्य, जे या रोगात सर्वसामान्यांपेक्षा पुष्कळच अधिक आढळते आणि ज्यामुळे लक्ष लागत नाही. झोपेचा बोजवारा रात्री लघवीला वारंवार उठण्याने किंवा पाय आखडण्याने होतो. लघवीची घाई आवरण्यासाठी दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन ही स्वतःच बुद्धीवर सावट आणू शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि थायरॉइडचे दोष हे तर आपल्याकडे इतके सर्वत्र आहेत की त्यांची तपासणी न करता सगळे खापर मूळ रोगावर फोडणे आळसाचे होईल. आणि उष्णता. अंगाचे तापमान जरा चढले की मायलिन गमावलेले तंतू अधिकच मंदावतात, हे विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली व्यायामानंतर अंधुक होणाऱ्या दृष्टीवरून टिपले होते. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिना काढणाऱ्या रोग्याला या निरीक्षणाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. फक्त एवढे सांगावे की ऊन उतरल्यावर जे परत येते ते गेलेले नव्हते.

हा रोग मुख्यतः थंड प्रदेशांतील गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो नाहीच, असा समज पूर्वी वैद्यांतही होता. तो मोडून काढण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. भीम सिंघल आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७५ साली मुंबई परिसरातील रोग्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९९० साली वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाची पाहणी करून दाखविले की त्या समाजात एक लाख माणसांमागे सुमारे २६ जणांना हा रोग आहे. उरलेल्या भारतीयांसाठी त्या काळी धरल्या जाणाऱ्या अंदाजांपेक्षा हे प्रमाण कितीतरी पट अधिक होते. मुंबईतच १९८५ साली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. एमआरआय यंत्रे जिल्ह्याच्या गावी पोचू लागल्यापासून रोगी पूर्वीपेक्षा अधिक सापडू लागले आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या अनुसूचीत या रोगाचे नाव घातले गेले आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु दाखला मागावयास गेलेल्या, धडधाकट चालणाऱ्या आणि व्यवस्थित बोलणाऱ्या माणसाने आपली अडचण खिडकीपलीकडच्या इसमास कशी पटवावी, हा प्रश्न कायद्याच्या अनुसूचीने सुटत नाही. तीच गत कचेरीतील वरिष्ठांची. पायाला पट्टी असती तर त्यांनी खुर्ची पुढे केली असती. येथे मेमो पुढे येतो.

उपायांकडे वळताना प्रथम नकारार्थी गोष्ट सांगितली पाहिजे: स्मरणशक्ती परत आणणारे औषध आज नाही. अल्झायमरसाठी वापरले जाणारे डोनेपेझिल या रोगात वापरून पाहिले गेले. २००४ सालच्या एका लहान प्रयोगात आशा दिसली आणि २०११ सालच्या मोठ्या प्रयोगात ती मावळली. रोगाचे झटके व नवे व्रण रोखणारी औषधे वेळेवर सुरू करणे याला अर्थातच महत्त्व आहे, कारण जे तंतू वाचतील तेच पुढे कामी येतील. भिजवलेले बदाम, ब्राह्मी आणि शंखपुष्पी यांची सूचना मात्र घरोघरी होतेच होते. बदाम खाण्यास हरकत नाही, ते चवीला चांगले असतात. इतर चूर्णे-काढे चालू असतील तर ते आपल्या डॉक्टरांना सांगून टाकावेत, लपवू नयेत. कोडी सोडवून मेंदू तल्लख करण्याची हमी देणाऱ्या मोबाइलवरील खेळांबद्दलही माझे मत फारसे अनुकूल नाही: माणूस बहुधा त्या खेळात तरबेज होतो, आणि किल्ल्या पूर्वीप्रमाणेच हरवतात.

ज्या उपायांना पुराव्याचे पाठबळ आहे ते सारे पहिली नोंद पक्की करण्याचे आहेत, आणि वर सांगितलेल्या शोधानंतर ते तसे असावेत यात नवल नाही. नॅन्सी किआराव्हालोटी व डेल्युका यांनी २०१३ साली ८६ रोग्यांवर एका अध्यापनपद्धतीची परीक्षा केली. पाच आठवड्यांच्या दहा पाठांत रोग्यांना प्रथम ऐकलेल्या गोष्टीचे मनात चित्र उभे करावयास आणि मग सुटे शब्द एका कथेत ओवावयास शिकविले गेले. ज्यांना हे शिक्षण मिळाले त्यांचे नवे शिकणे सुधारले, आणि त्यांच्यात झालेला पालट घरच्या माणसांच्याही लक्षात आला. समजा, बाजारातून लिंबे, सुतळी, मेणबत्त्या आणि खोबरे आणावयाचे आहे. हे चार शब्द घोकण्यापेक्षा, वीज गेलेल्या घरात मेणबत्तीच्या उजेडात कोणी आजी सुतळीने बांधलेली पुडी सोडते आहे आणि आतून खोबऱ्याबरोबर लिंबे घरंगळत येताहेत, असे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणावे. ज्यांनी कीर्तनात आख्याने ऐकली आहेत त्यांना कथेने गोष्ट ध्यानात राहते हे सांगावयास नको. फरक इतकाच की येथे कथा स्वतः रचावी लागते, आणि स्वतः रचलेली, स्वतः पुऱ्या केलेल्या वाक्यातली गोष्ट आयती ऐकलेल्या गोष्टीपेक्षा पक्की बसते, हेही या रोग्यांत स्वतंत्रपणे दिसून आले आहे. तसेच एकच मजकूर सलग तीनदा वाचण्यापेक्षा मध्ये अंतर सोडून वाचणे, आणि वाचण्यापेक्षाही मिटल्या पुस्तकाने स्वतःला प्रश्न विचारून उत्तर काढणे, यांचा लाभ अधिक होतो.

बाकीचे उपाय बुद्धीचे नव्हेत, व्यवस्थेचे आहेत, आणि त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. मोबाइलचा गजर, गोळ्यांची वारवार खणांची डबी, दाराजवळ किल्ल्या-चष्म्याची एक ठरलेली जागा, आणि एकच वही. चार वह्या केल्या तर कोणती गोष्ट कोठे लिहिली ते आठवण्याचे पाचवे काम मागे लागते. डोक्याचे काम सकाळी, ताज्या वेळी. बोलताना दूरदर्शन बंद. घरच्यांनी सांगावयाची गोष्ट समोर येऊन, एका वेळी एक अशी सांगावी आणि "काय ठरलं आपलं?" म्हणून ती परत बोलवून घ्यावी, परीक्षा घेतल्याच्या सुरात नव्हे, व्यवहारात दोन माणसे ठराव पक्का करतात त्या सुरात. कचेरीत तोंडी हुकमाऐवजी दोन ओळींचा लेखी हुकूम, पुरेशी मुदत आणि शांत कोपरा एवढे मिळाले तर पुष्कळांची नोकरी टिकू शकते.

मात्र हे सर्व करण्यापूर्वी दोष आहे की नाही हे मोजले गेले पाहिजे, आणि ते मोजणे आज अवघड राहिलेले नाही. नऊ चिन्हे, प्रत्येकाला नेमून दिलेला एक ते नऊपैकी एक आकडा, आणि चिन्हांच्या रांगा पाहून दीड मिनिटात जितके आकडे सांगता येतील तितके सांगावयाचे. एवढी ही चाचणी आहे आणि तिला टेबल, घड्याळ व एक कागद यांपलीकडे काही लागत नाही. रोगाचे निदान होताच ती एकदा घ्यावी आणि पुढे दरवर्षी घ्यावी अशी शिफारस तज्ज्ञांनी २०१८ साली केली आहे. आधीच्या आकड्यापेक्षा चार किंवा अधिक गुण घटले तर ती घट दखल घेण्याजोगी मानतात. पहिला आकडा नोंदलेला नसेल तर पुढची घट कशाशी ताडून पाहणार? म्हणून तक्रार नसतानाच ही चाचणी मागून घ्यावी, असे मी प्रत्येक रोग्यास सुचवीन.

आणि तपासणीच्या खोलीत एकट्याने जाऊ नये. राल्फ बेनेडिक्ट या अमेरिकन संशोधकाने २००३ साली पंधरा प्रश्नांचा एक तक्ता तयार केला, त्याची एक प्रत रोग्याने भरावयाची आणि एक त्याच्या निकटवर्तीयाने. दोन्ही प्रती चाचण्यांशी ताडून पाहता असे आढळले की रोग्याचे स्वतःविषयीचे मत त्याच्या औदासीन्याकडे झुकते. खिन्न असलेला माणूस आपले विस्मरण वाढवून सांगतो, तर काहींना ते जाणवतच नाही. घरच्या माणसाची साक्ष मात्र चाचणीच्या निकालाशी अधिक जुळते. तेव्हा बाहेरच्या बाकावर पिशवी सांभाळीत बसलेल्या नवऱ्याला, बहिणीला किंवा सासूला, रोग्याची संमती घेऊन आणि त्याच्या देखत, आत बोलवावे. त्यांना "ही विसरते का हो?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर प्रेमावर किंवा रागावर ठरते. गेल्या महिन्यात कोणते बिल दोनदा भरले गेले, कोणती गोळी राहिली, कोणती मालिका पाहणे तिने मधेच सोडून दिले आणि पूर्वी हिशेबाची वही कोण लिहीत होते, आता कोण लिहिते, हे विचारावे.